किशोरवयीन मुलासाठी मानसोपचार: पहिल्या फोनपासून पुढे

"परीक्षा होऊ दे, मग बघू." दहावी ते बारावीतल्या मुलांच्या घरात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. परीक्षेनंतर निकाल, निकालानंतर प्रवेशाच्या फेऱ्या, मग नवं कॉलेज आहे जरा रुळू दे. असं करत वर्ष-दीड वर्ष निघून जातं आणि मूल खोलीचं दार लावून आतच असतं. काहीतरी करायला हवं हे उमगलंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा आईबापांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. ज्यांच्या मुलांचे उपचार चालू आहेत अशा पालकांच्या गटात बसते, आणि नवीन आलेले पालक तिथे जे विचारतात त्याची ही उत्तरं आहेत.

एक मत सुरुवातीलाच सांगते. उपचार अडतात ते दरवेळी डॉक्टर मिळत नाही म्हणून अडत नाहीत. पुष्कळदा घरची व्यवस्थाच लागलेली नसते. दर आठवड्याला कोण नेणार, रजा कोण टाकणार, आजीला काय सांगायचं, पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे आधी ठरवा. मुलाला तयार करणं त्यानंतर.

आज जायचं की या आठवड्यात?

चिडचिड, दार आपटणं, आईशी अबोला एवढ्यासाठी डॉक्टर लागत नाही. बदल किती दिवस टिकलाय आणि किती ठिकाणी पसरलाय ते बघा. घरात घुम्या, पण ग्राउंडवर नेहमीसारखा खेळणाऱ्या मुलाची फार काळजी नको. घर, वर्ग, मित्र सगळीकडूनच मागे सरकलेल्या मुलाची करायला हवी. झोप, जेवण, आंघोळ, अभ्यास, मित्र यांपैकी दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेल्या असतील, तर या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या. या वयातली उदासी रडण्यातून दिसेलच असं नाही. ती संतापातून दिसते, पोटदुखीतून दिसते, दर सोमवारी सकाळी होणाऱ्या उलट्यांतून दिसते. एप्रिलच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट न काढणारी मुलगी असेल, तर तिच्या हातांची एकदा मायेने चौकशी करा.

काही गोष्टींना मात्र आठवडा नाही, आजचाच दिवस आहे. जीव देण्याची भाषा, अगदी "मी नसलो तर तुमचे क्लासचे पैसे तरी वाचतील" अशी आडवळणाची असली तरी. स्वतःला इजा करून घेणं. जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं. कुणी नसताना आवाज ऐकू येणं. दोन-तीन रात्री जवळजवळ न झोपताही अंगात प्रचंड जोर असणं आणि अखंड बोलणं. अन्न सोडणं.

अशा वेळी मुलाला थेट विचारा. "तुला कधी मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, असं काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती निराधार आहे. मुलाला बहुधा हायसंच वाटतं, कारण आता ते एकट्याने लपवावं लागत नाही. उत्तर "हो" आलं तर किंचाळू नका, देवाची शपथ घालू नका, "आमचं काय होईल ते बघ" हेही नको. "बरं केलंस सांगितलंस. आता हे आपण दोघं मिळून बघू," एवढं पुरे. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका.

मग उठून घर आवरा. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात टाका. गावाकडे असाल तर कीटकनाशक आणि तणनाशक आजच घराबाहेर काढा आणि चावी स्वतःजवळ ठेवा. तीव्र इच्छेची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही लागलं नाही तर जीव वाचतो.

टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर पालकांनी स्वतः फोन करून "मी काय करू?" असं विचारावं, चालतं. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही तातडीसाठी ११२. मुलाला कुणी मारतंय, छळतंय असं असेल तर १०९८.

मुलाने काही गिळलं असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, रिकामं पाकीट किंवा बाटली सोबत घ्या आणि काय घेतलं ते खरं सांगा. इथे पालक पोलिसांना घाबरून "चुकून प्यायला" म्हणतात आणि उपचार चुकीच्या दिशेने जायची वेळ येते. रुग्णालय एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद करेल, पोलीस जबाब घेतील, ही रीतच आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याबद्दल शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा, म्हणजे जीव देण्याचा प्रयत्न केला एवढ्यावरून लागणारा, सरसकट गुन्हाही उरलेला नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नका.

कोणाकडे जायचं

पाट्या वाचून गोंधळ उडतो, म्हणून थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध ते लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात, निदानात मदत करतात, थेरपी म्हणजे बोलण्यातून उपचार देतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक ही पाटी मात्र फार सैल आहे. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली माणसंही ती लावतात, आणि दोन शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही लावतात. "तुमचं शिक्षण काय, किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलंय, गरज पडली तर पुढे कोणाकडे पाठवता?" हे फोनवरच विचारा. शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही तिथे जाऊ नका. "सात दिवसांत मूल बदलून दाखवतो" म्हणणाऱ्यांकडे तर नाहीच नाही.

काहीच सुचत नसेल तर लहानपणापासूनच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. मुलाला तो दवाखाना ओळखीचा असतो, नकार कमी येतो. ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतील. थकवा आणि उदासीच्या मागे कधीकधी हेच निघतं. आणि पुढची चिठ्ठीही तेच देतील. त्यांच्या हातची चिठ्ठी आजी-आजोबांनाही पटते, हा वरचा फायदा.

जीव देण्याचे विचार, आवाज ऐकू येणं, खाणं सोडणं, व्यसन यांपैकी काही असेल तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांचीच घ्या. बाकी वेळी थेरपिस्टपासून सुरुवात केली तरी चालतं. बालक आणि किशोरांसाठी खास प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ आपल्याकडे मोजकेच आहेत, त्यांची तारीख महिना-दोन महिन्यांनीही मिळते. तोवर हातावर हात धरून बसू नका. नाव घ्या, तारीख लावा आणि दरम्यान जवळच्या साध्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

कुठे जायचं आणि पैशाचं काय

पुण्या-मुंबईत खासगी थेरपीच्या एका सत्राला हजाराच्या पुढेच पैसे पडतात, आणि सत्रं दर आठवड्याला असतात. दोन सत्रांत काही होत नाही. उदासी आणि चिंतेसाठी दिली जाणारी सीबीटी ही, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी साधारण १२ ते १६ सत्रं चालते. म्हणून पहिल्या फोनलाच तीन महिन्यांचा हिशेब मांडा. परवडत नसेल तर महागड्या ठिकाणी तीनदा जाऊन सोडण्यापेक्षा स्वस्त ठिकाणी बारा वेळा गेलेलं कधीही बरं. फी कमी होईल का हे विचारायला लाजू नका. बरेच थेरपिस्ट काही जागा कमी फीसाठी ठेवतात, पण पाटीवर तसं लिहीत नाहीत.

सरकारी पर्याय लोकांना वाटतो त्याहून बरा आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, संभाजीनगरात घाटी, कोल्हापुरात सीपीआर, नागपुरात मेडिकल, या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची खोली विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र केस पेपरचे थोडे पैसे पडतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली "मैत्री" क्लिनिकं बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आहेत. तिथे औषधोपचारापेक्षा बोलणं आणि पुढचा रस्ता दाखवणं जास्त होतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. नाव ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण ओपीडीत मूल दाखवलं म्हणजे कुणी आत ठेवून घेत नाही. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आणि व्यसनाच्या बाबतीत पुण्याचं १९८६ चं मुक्तांगण, ही नावं मराठी घरांना ओळखीची आहेत.

सरकारी ओपीडीची रीत वेगळी. सकाळी आठच्या आत केस पेपरच्या रांगेला लागायचं. आई किंवा बाबांपैकी एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला दहाच्या सुमारास आणायचं. नाहीतर नंबर लागेपर्यंत मूल वैतागून "चला घरी" म्हणतं आणि पुढच्या वेळी येतच नाही. तिथे आधी निवासी डॉक्टर सविस्तर विचारतात, मग वरिष्ठ बघतात. तेच दोनदा सांगावं लागतं याचा राग येतो, पण सविस्तर ऐकून घेणारं माणूस बहुतेकदा तो पहिला तरुण डॉक्टरच असतो.

गावाकडची एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. बाहेरची बाधा, नजर, करणी असं म्हणत आधी देवऋषाकडे चक्कर होतेच. घरातल्या म्हाताऱ्यांशी यावरून भांडत बसू नका, अंगारा लावायचा तर लावू द्या, पण दवाखान्याची तारीख हलवू नका. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळी, धुरी, मिरच्या असलं काही असेल तर तिथून मुलाला उचलून आणा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मुलाला सांगायचं कसं

"दाताच्या डॉक्टरकडे जायचंय" म्हणून नेऊ नका. पाटी वाचता येते त्याला. एकदा फसवलंत की पुढची सगळी सत्रं त्या रागात जातात.

सांगायची वेळ निवडा. जेवणाच्या ताटावर नको, निकालाच्या दिवशी नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. गाडीत शेजारी बसून, किंवा रात्री भांडी आवरताना, समोरासमोर डोळ्यांत बघावं लागणार नाही अशा वेळी या वयाची मुलं जास्त बोलतात. आणि तक्रारीने सुरुवात करू नका. जे दिसलं तेच सांगा. "गेल्या महिनाभरात तू रात्री तीनपर्यंत जागा असतोस. क्रिकेटला जाणं बंद केलंस. मला काळजी वाटतेय, आणि यातून बाहेर कसं काढायचं ते मला येत नाही. ज्यांना येतं अशा एका ताईंची गुरुवारी पाचची वेळ घेतलीय. एकदा भेट. नाही पटलं तर दुसरं कुणी बघू, पण हे असंच नाही सोडायचं."

"मी वेडा आहे का?" हा प्रश्न येणारच. "नाही. आणि तिथे येणारी बाकीची मुलंही नाहीत," इतकं छोटं उत्तर पुरतं. भाषण लागत नाही. निवड त्याच्या हातात थोडी तरी ठेवा: बाई की पुरुष, क्लिनिकमध्ये की व्हिडिओवर, आई सोबत की बाबा. जायचं की नाही ही निवड मात्र ठेवू नका.

तरीही येतच नसेल तर तुम्ही एकटे जा. पालकांनी मुलाशिवाय घेतलेलं पहिलं सत्र वाया जात नाही. घरात काय बोलायचं, काय बंद करायचं हे तिथे कळतं. तुम्ही स्वतः जाताय हे पाहून काही आठवड्यांनी मूलही तयार होतं, असं पुष्कळ घरांत झालेलं आहे.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

एक कागद. फाइल नको, एकच पान. पहिल्या भेटीत रडू येतं, नवरा-बायकोत "तेव्हा मार्च होता" "नाही, फेब्रुवारी" सुरू होतं आणि मुलासमोर त्याच्याच चुकांची यादी वाचली जाते. कागद आधी देऊन टाकला की हे टळतं. त्यात असं लिहा:

"वय १५, दहावी. गणपतीनंतर झोप बिघडली, आता २-३ वाजता झोपते. दिवाळीपासून जेवण अर्धं. शाळेला या महिन्यात ९ दिवस दांडी, कारण पोटदुखी. पोटाच्या तपासण्या नॉर्मल. जूनमध्ये मैत्रिणीशी भांडण, त्यानंतर वर्गाच्या ग्रुपमधून काढलं. जानेवारीत एकदा 'जगून काय करू' म्हणाली. चालू औषधं: काही नाही. घरात: आजीला थायरॉइड, मोठ्या काकांना वीस वर्षांपूर्वी शॉक दिले होते."

ही शेवटची ओळ लिहिताना पेन अडतं. कोण "घर सोडून गेले", कोणाला "नसांचा त्रास" होता, कोण विहिरीत गेलं, हे घराण्यात दाबलेलं असतं. डॉक्टरला ते लागतंच. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाचा उत्साह असा आजार असेल तर उदासीवरची नेहमीची गोळी द्यायची की नाही, कशी द्यायची, हा निर्णय त्यावर फिरू शकतो. सासरचं-माहेरचं न करता दोन्हीकडची माहिती काढा.

भेटीत डॉक्टर तुम्हाला बाहेर बसायला सांगतील. बसा. दाराशी कान लावू नका, आणि परतीच्या वाटेवर "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" हेही नको. वडापाव खायला थांबा, दुसरं काही बोला.

आत बोललेलं तुम्हाला कळणार का

सगळं नाही. आणि तेच बरं. मुलाने सिगरेट ओढून बघितली, कोणावर प्रेम आहे, आईचा राग येतो, हे सहसा तुमच्यापर्यंत येणार नाही. जिवाला धोका असेल तर मात्र सांगितलं जाईल. ही सीमा कुठे आखलीय ते पहिल्याच भेटीत मुलासमोर विचारून घ्या.

एका बाबतीत डॉक्टरचेही हात बांधलेले असतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. अठरा वर्षांखालच्या दोघांनी राजीखुशीने ठेवलेले संबंधही कायद्याच्या नजरेत त्यातच मोडतात. "घरातल्या घरात मिटवू" असा सल्ला नातेवाईक देतील. डॉक्टर तसं करू शकत नाहीत, आणि तुम्हीही करू नका.

औषध सुरू झालं तर

घराचं धाबं इथे दणाणतं. "सवय लागेल", "लग्नाला अडचण येईल", "आयुष्यभर घ्यावी लागेल". उदासी किंवा चिंतेवर दिली जाणारी फ्लुओक्सेटिनसारखी औषधं नशेची नाहीत. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हेच जाणवतं, आणि नेमकी त्याच वेळी घरची मंडळी गोळी बंद करतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एका रात्रीत बंद करायचं नसतं.

सावध राहायचं ते पहिल्या काही आठवड्यांत. या गटातल्या औषधांनी काही किशोरांमध्ये सुरुवातीला जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. इशारा आहे म्हणून औषध टाळायचं असं नाही, लक्ष ठेवायचं. मूल अचानक फार बेचैन झालं, झोप तुटली, उलट एकदम उत्साहाने उसळायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात ठेवा, रोजची रोज हातात द्या. पंधरा दिवसांचं पाकीट मुलाच्या कपाटात नको.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारून लिहून घ्या: निदान काय वाटतंय, हे औषध कशासाठी, किती दिवसांनी फरक दिसायला हवा, आणि रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिमची पावडर, जे काही चालू असेल ते सांगा, रागावतील म्हणून लपवू नका.

शाळा, कॉलेज, क्लास

सगळ्या शिक्षकांना सगळं सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा, वर्गशिक्षक किंवा समुपदेशक. निदानाचं नाव न घेता "वैद्यकीय उपचार चालू आहेत" असं डॉक्टरांचं पत्र द्या आणि मागणी नेमकी करा: हजेरीत सवलत, प्रात्यक्षिकासाठी दुसरी तारीख, घाबरल्यासारखं झालं तर पाच मिनिटं बाहेर जाऊ देणं. नुसतं "जरा सांभाळून घ्या" म्हटलं तर कोणी काही करत नाही. अभ्यास जमत नाही हेच दुखणं असेल तर डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. प्रमाणपत्राला महिने लागतात, तेव्हा नववीतच हालचाल हवी.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे आणि कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. मुख्याध्यापकांना हे माहीत नसेल तर नम्रपणे माहीत करून द्या.

मूल लातूर, पुणे किंवा कोट्याला हॉस्टेलवर राहून नीट-जेईईची तयारी करत असेल तर फोनवर आवाज ऐकून अंदाज बांधू नका. रविवारच्या फोनवर "बरंय" हेच ऐकू येणार. जाऊन दोन दिवस राहा, मेसमध्ये सोबत जेवा, रूममेटशी बोला. आणि गरज वाटली तर घरी आणा. फी परत मिळणार नाही म्हणून मुलाला तिथे ठेवायचं हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

घरातली माणसं

आजी-आजोबांना अंधारात ठेवलं की ते स्वतःच शोध घेतात, आणि मग आत्या, मामी, सगळीकडे कुजबुज. मोजकं सांगा: "तिला झोप येत नाही, मन उदास असतं, डॉक्टर म्हणाले औषधाने बरं होईल. तिच्यासमोर मार्कांचा विषय काढू नका." त्यांना एक कामही द्या, संध्याकाळी तिला सोबत घेऊन फिरायला जाणं किंवा भाजी आणणं. काम मिळालं की सल्ले कमी होतात. लग्नकार्यात "तुझी मुलगी दिसत नाही?" या प्रश्नाला "बरं नाहीये" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे.

धाकट्या भावंडाचे फार हाल होतात. घरातली सगळी हवा आजारी मुलाभोवती फिरते आणि हे शहाणं म्हणून कोपऱ्यात राहतं. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याची ठेवा.

फोन हिसकावून घेऊ नका, निदान पहिल्याच आठवड्यात तरी नाही. उदास मुलाचे उरलेसुरले मित्र त्यातच असतात. रात्री अकरानंतर सगळ्या घराचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचाही, हा नियम टिकतो.

भरती करायला सांगितलं तर

लहान मुलांसाठी कायदा इथे कडक आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे अठराखालच्या मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच भरती करता येतं, आणि तेही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर. त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. मुलांची सोय मोठ्यांपासून वेगळी हवी, आणि पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं असतं. "तुम्ही जा, आम्ही बघतो, महिनाभर भेटता येणार नाही" असं कोणी म्हणालं तर सही करू नका. व्यसनमुक्तीच्या नावाने चालणाऱ्या काही जागा अशाच असतात. शॉक ट्रीटमेंट अल्पवयीन मुलांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही असल्याशिवाय देता येत नाही.

विम्याचंही बघून ठेवा. शारीरिक आजाराला जसं संरक्षण तसंच मानसिक आजाराला, हे याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. पण बहुतेक पॉलिसी भरतीचाच खर्च देतात. दर आठवड्याच्या थेरपीची पावती त्यात सहसा बसत नाही, ओपीडीचं कवच वेगळं घेतलेलं असेल तरच.

डॉक्टर बदलायचे का

दोन भेटींत ठरवू नका, चार द्या. मुलाला तिथे सुरक्षित वाटतंय का, तुमच्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळतात का, तीन महिन्यांत झोप किंवा हजेरीत थोडा तरी फरक आहे का, हे बघा. मुलाचा अपमान होत असेल, धर्म-जातीवरून किंवा मुलाच्या लैंगिक ओळखीवरून उपदेश होत असेल, तर पुढची तारीखच घेऊ नका. समलिंगी आकर्षण हा आजार नाही आणि तो "बरा" करण्याचे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. बदलताना जुने कागद, चाचण्यांचे रिपोर्ट, कोणती गोळी कधी सुरू झाली आणि कधी बंद, हे मागून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून.

मुलाला सतरा वर्षं पूर्ण झाली की डॉक्टरांशी आणखी एका गोष्टीबद्दल बोला. अठराव्या वाढदिवसानंतर संमती त्याची, कागदपत्रं त्याची, आणि तुम्हाला काय सांगायचं हे ठरवणार तोच. पुढे मोठ्यांच्या ओपीडीत कोण बघणार, त्या डॉक्टरांशी आताच एक भेट करून ठेवता येईल का, कॉलेजसाठी गाव सोडलं तर तिथे कोण, हे वाढदिवसाच्या आधी, त्याला शेजारी बसवून ठरवा. आणि गोळी स्वतः वेळेवर घ्यायची, चिठ्ठी संपायच्या आधी तारीख घ्यायची, हे काम त्याच वर्षात हळूहळू त्याच्याकडे द्या.